तोतया दीर्घिका

निरंजन परचुऱ्यांचं वाटोळं व्हावं ही इच्छा मी अकरा वर्षं मनात जपली, आणि ते झालं तेव्हा पहिल्या रांगेत बसून डोळे भरून पाहिलं. सूड घेतला की मन रिकामं होतं, असं म्हणणारे लोक भेटतात. त्यांनी बहुधा कधी नीट सूड घेतलेला नसतो. मला त्या दिवशी कडकडून भूक लागली आणि मी रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.

आधी मी कोण ते सांगते. मी केतकी भोईटे. दुष्काळी खटाव तालुक्यात, मायणीच्या माळावर आमची एक छोटी वेधशाळा होती. पाऊस कमी म्हणून आभाळ स्वच्छ, आणि आभाळ स्वच्छ म्हणून दुर्बीण. आम्ही मोजके लोक दीर्घिकांच्या विलीनीकरणावर काम करायचो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांचं एक घराणं. आपली आकाशगंगा त्यातलीच एक. अशा दोन दीर्घिका एकमेकींच्या ओढीने जवळ येतात आणि शंभरएक कोटी वर्षांत एक होऊन जातात. लोकांना वाटतं, तेव्हा ताऱ्यांच्या टकरी होत असतील. तसं काही होत नाही. आपला सूर्य म्हणजे पुण्यात ठेवलेला एक वाटाणा मानला, तर शेजारचा तारा म्हणजे कोल्हापुरातला दुसरा वाटाणा. एवढ्या मोकळ्या जागेत कोण कुणाला धडकणार?

टक्कर होते ती वायूची. दोन्हींकडचे ढग एकमेकांवर आदळतात, आपली गिरकी गमावतात आणि घसरत घसरत केंद्रात जमा होतात. तिथे दाटी झाली की ताऱ्यांच्या जन्माला उधाण येतं. आपल्या आकाशगंगेत वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या सूर्याइतक्या वायूचे तारे होतात, उधाणात शेकडो सूर्यांइतक्या. दीर्घिका निळी, झगझगीत दिसू लागते. पण ते मोठे निळे तारे अल्पायुषी. ते लवकर फुटतात, केंद्रातलं कृष्णविवरही तोवर खाऊनपिऊन माजलेलं असतं, आणि दोघं मिळून उरलासुरला वायू बाहेर भिरकावून देतात. वायू गेला की नवा तारा जन्मत नाही. मग उरते ती तांबूस, म्हातारी दीर्घिका.

माझं काम याच्या पुढचं होतं. दोन दीर्घिका कितीही मिसळल्या तरी त्यांतले तारे आपलं मूळ विसरत नाहीत. ताऱ्याचा फिरण्याचा मार्ग आणि त्याच्यातल्या लोखंड-मॅग्नेशियमचं प्रमाण पाहिलं की हा माहेरचा की सासरचा, हे सांगता येतं. सगळी दीर्घिका अशी निवडून काढायची आणि तिचा भूतकाळ उलटा चालवायचा, असं गणित मी मायणीत मांडलं. कुठली दीर्घिका उधाणात मरते आणि कुठली तगते, हे त्यातून उमगत होतं.

मग धोरण आलं, की लहान संस्था मोठ्यांत विलीन करायच्या. आम्ही पुण्याच्या खगोलभवनात विलीन झालो. तिथले संचालक निरंजन परचुरे. गोड बोलणं, उत्तम इंग्रजी, आणि कुणाच्याही खांद्यावर हात ठेवून त्याचं काम काढून घेण्याचं कसब. वर्षभरात आमची यंत्रं पुण्याला गेली, विद्यार्थी गेले, आणि माझं गणितही गेलं. त्या गणितावर परचुऱ्यांनी एक यंत्र उभं केलं. दीर्घिकेचा प्रकाश त्याला दाखवायचा, की ते तिच्या पूर्वजांची सगळी कथा सांगायचं. नाव ठेवलं ‘कुलवृत्तांत’.

तो शोधनिबंध जगभर गाजला. नाव परचुऱ्यांचं. मी शेवटच्या पानावर, आभारांत. ‘संगणकीय साहाय्य आणि मायणी येथील आदरातिथ्याबद्दल श्रीमती केतकी भोईटे यांचे आभार.’ श्रीमती. डॉक्टरसुद्धा नाही. मी तक्रार केली तर समितीने समजावलं की मिळून केलेल्या कामात कुणाचं किती, हे वेगळं कसं काढणार. मिसळलेलं वेगळं काढायचं गणित जिने मांडलं तिलाच हे सांगत होते. आयत्या बिळावर नागोबा बसतो हे ठाऊक होतं. पण नागोबाने बीळ खणणाऱ्याचे आभार मानल्याचं मी तेव्हाच पाहिलं.

कुलवृत्तांताने पुढच्या काही वर्षांत सगळं शास्त्र खाऊन टाकलं. पूर्वी एका दीर्घिकेचा इतिहास लावायला माणसाची दोन-तीन वर्षं जायची. यंत्र तो चहा गार व्हायच्या आत सांगे. सांगण्याची ढबही जुन्या घराण्यांच्या पोथीची: ‘या घराण्याचे मूळ दोन सर्पिल कुळांत असून धाकटी शाखा सहाशे कोटी वर्षांपूर्वी येऊन मिळाली.’ लोकांना मोठी मौज वाटे. बारशाला बाळाच्या नावाने एखाद्या दीर्घिकेचा कुलवृत्तांत भेट देण्याची टूम निघाली. दुर्बिणीतून आलेलं चित्र कुणी बघेनासं झालं. आणि यंत्र ‘माहीत नाही’ असं कधीच म्हणत नसे. त्याला जे दाखवाल त्याचा भूतकाळ ते सांगणारच.

म्हणून त्याची परीक्षा घ्यावी लागे. आमच्या धंद्यातली ही जुनी रीत आहे. दुर्बिणीच्या कच्च्या चित्रांत मधूनमधून खोट्या दीर्घिका पेरायच्या आणि यंत्राला किती सापडतात, ते त्यांच्याबद्दल काय सांगतं, हे बघायचं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता. त्यावरून आम्ही या खोट्या दीर्घिकांना तोतये म्हणायचो. तोतये कुठे पेरलेत हे एकट्या राखणदाराला माहीत असे. कुठलाही शोध जाहीर करण्याआधी प्रमुखाने राखणदाराला विचारायचं, “तोतया नाही ना?” राखणदाराने हो किंवा नाही सांगायचं. आणि विचारल्याशिवाय राखणदाराने तोंड उघडायचं नाही, हा नियम परचुऱ्यांनी स्वतः केला होता, कारण पूर्वीच्या एका राखणदाराच्या सूचक हसण्याने अख्खी परीक्षा फुकट गेली होती.

राखणदाराचं काम कुणालाच नको असतं. त्यात नाव नाही, निबंध नाही. परचुऱ्यांनी ते मला दिलं. मायणीत एकटं बसून खोट्या दीर्घिका करा, असं. माझी अडगळ व्हावी म्हणून माझ्या हातात त्यांनी सुरी दिली, आणि मी ती बरीच वर्षं नुसती धार लावून ठेवली.

परचुऱ्यांचं एक लाडकं मत होतं. मेलेली दीर्घिका बाहेरून नवा वायू न मिळताही पुन्हा पेटू शकते. तिनेच भिरकावलेला वायू परत येतो आणि म्हाताऱ्या ताऱ्यांच्या पोटात दुसरं उधाण येतं, असं ते भाषणांत सांगत. माझं गणित सांगत होतं की परत येणारा वायू फार तापलेला आणि फार विरळ असतो, त्यातून दोन-चार चुकार तारे झाले तर झाले. पण आभार मानलेल्या बाईचं कोण ऐकतो? अशी एक दीर्घिका सापडली की परचुऱ्यांना मोठ्या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीचं प्रमुखपद मिळणार होतं. त्यांना एकच उदाहरण हवं होतं. मी ते करायला घेतलं.

त्या हिवाळ्यात मी मनापासून काम केलं. नुसतं चित्र रंगवलं असतं तर कुणीही ओळखलं असतं. मी संगणकात दोन सर्पिल दीर्घिका घेतल्या, नऊशे कोटी वर्षांपूर्वीपासून पुढे चालवल्या, त्यांना भेटवलं, उधाण आणलं, मारलं. मग परचुऱ्यांना हवा तसा वायू परत आणला, जितका गार आणि जितका दाट तो निसर्गात कधी येत नाही, आणि त्या तांबूस गोळ्याच्या मध्यभागी एक निळी ठिणगी पेटवली. आकाशाचा एक अगदी रिकामा कोपरा शोधून तिथे ती पेरली. नियमाबाहेरचं मी काही केलं नाही. तोतये चित्रविचित्र असावेत, असंच नियम सांगतो.

माझं फासे टाकणं इथवर बिनचूक होतं. फक्त ती दीर्घिका कुणाच्या हाती लागेल, याचा मी विचार केला नव्हता. ती ईश्वरीला सापडली.

ईश्वरी ढवळे मायणीची. तिचे वडील आमच्या वेधशाळेत वीजतंत्री होते. शाळकरी असताना ती माझ्या टेबलाखाली बसून गोष्टींची पुस्तकं वाचायची; पुढे माझ्याकडेच शिकली आणि खगोलभवनात लागली, कच्च्या नोकरीवर. गेली चार वर्षं परचुरे तिला पक्की करतो म्हणत होते. जूनमध्ये ती गाडीतून उतरली ती पेढ्यांचा पुडा हातात घेऊनच. घरी जायच्या आधी माझ्याकडे आली होती.

“ताई, पहिला पेढा तुम्हाला,” म्हणाली. पुन्हा पेटलेली दीर्घिका सापडली आहे, सर खूश आहेत, निबंधावर पहिलं नाव तिचं आणि नोकरी आता पक्की, असं तिने एका दमात सांगितलं. तिने मला पडद्यावर ती ठिणगी दाखवली. माझीच होती. मी पेढा खाल्ला.

तेव्हाच सांगायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. सांगणं सोपं होतं. नियम मोडला म्हणून माझी राखणदारी गेली असती, तिचं मला काही नव्हतं. पण ईश्वरीने ते परचुऱ्यांना सांगितलं असतं, परचुरे सावध झाले असते, आणि मला तशी दीर्घिका आणि तसा हिवाळा पुन्हा मिळाला नसता. उलट गप्प बसावं, तर परचुऱ्यांबरोबर ईश्वरीही तोंडावर आपटणार. जिच्या पहिल्याच शोधाचं हसं झालं तिला आमच्या शास्त्रात कुणी उभं करत नाही. माझा सूड आणि ही पोरगी एकाच कागदावर होती.

तशात परचुरे आपणहून विचारतील अशीही आशा होती. प्रश्न विचारला की मी खरं बोलणार, सूड गेला चुलीत, ईश्वरी वाचली. पण ते विचारीनात. दक्षिण अमेरिकेतला एक गट तसल्याच शोधाच्या मागे होता आणि परचुऱ्यांना तारीख गाठायची होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्यांनी राखणदाराऐवजी यंत्रालाच विचारलं की हा तोतया आहे का. यंत्राने आपल्या पोथीच्या थाटात नऊशे कोटी वर्षांचा वंशवेल सांगितला, एकही गाठ न चुकता. संस्थेच्या बैठकीत परचुरे म्हणाले की तोतयाला भूतकाळ नसतो, याला आहे, तेव्हा मायणीला विचारत बसण्यात अर्थ नाही. ती बैठक मी घरी पडद्यावर बघत होते. मला माझ्या हातच्या कामाचा असा अभिमान वाटला की मी स्वतःशीच हसले, आणि लगेच ईश्वरीचा चेहरा दिसला. ती मागच्या रांगेत मान डोलवत होती.

पुढचे दिवस मी ना धड जेवले ना धड काम केलं. फोन उचलायचा, तिचं नाव काढायचं आणि परत ठेवायचा. एकदा तर तिने फोन उचललाही, आणि मी पाऊसपाण्याचं विचारून ठेवून दिला. स्वतःला सांगत होते की पोर तरुण आहे, सावरेल. मी अकरा वर्षं वाट पाहिली, मला दुसरी संधी नाही. दुसऱ्या क्षणी स्वतःचीच चीड यायची. पण परचुऱ्यांची चीड त्या चिडीपेक्षा नेहमी थोडी जास्त निघायची, हेही खरं.

जाहीर कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ईश्वरी आली. डोळे सुजलेले. ती दारातच म्हणाली, “ताई, सरांनी माझं नाव काढलं.”

आंतरराष्ट्रीय समितीसमोर एकच नाव असलं की वजन पडतं, असं परचुऱ्यांनी तिला समजावलं होतं. तुझं पुढे खूप आयुष्य आहे, म्हणाले होते. खांद्यावर हात ठेवून.

“मग तुझं नाव कुठे आहे?” मी विचारलं.

“आभारांत.”

मी हसले. खरं तेच सांगते, मोठ्याने हसले. ती पोर समोर रडत उभी असताना. त्या माणसाला वाचवणारी एकच गोष्ट त्या कागदावर होती, आणि ती त्याने आपल्या हाताने खोडली होती. सुंठीवाचून खोकला गेला. ईश्वरीला वाटलं मी तिला हसते. मी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले की नाव नाही हेच तुझं नशीब समज, परवाच्या कार्यक्रमाला मागे बस. ती रडायची थांबली. ती हुशार आहे. तिने काही विचारलं नाही.

कार्यक्रम सकाळी होता. मंत्री होते, वाहिन्या होत्या, मोठा पडदा होता. परचुऱ्यांनी रेशमी जाकीट घातलं होतं. त्यांनी अर्धा तास ‘मी’ या शब्दावर भाषण केलं. मी पाहिलं, मला वाटलं, माझ्या लक्षात आलं. मग कुलवृत्तांताच्या आवाजात त्या दीर्घिकेचा इतिहास लागला आणि पडद्यावर तिची ठिणगी पेटली तेव्हा सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

शेवटी एक शोभेची गोष्ट ठेवली होती. चिलीत तेव्हा रात्र होती आणि तिथल्या एका मोठ्या दुर्बिणीचे लोक थेट जोडलेले होते. ते आपली दुर्बीण त्या जागेवर वळवणार आणि परचुऱ्यांची दीर्घिका साऱ्या जगाला प्रत्यक्ष दाखवणार, अशी योजना. तिथल्या तरुण शास्त्रज्ञाने अभिनंदन केलं. दुर्बीण वळली. प्रकाश साठायला काही मिनिटं लागतात, तोवर परचुऱ्यांनी मंत्र्यांना एक विनोद सांगितला. मग चित्र आलं. काळं आभाळ, कोपऱ्यात दोन फिकट तारे, आणि मधे काही नाही.

चिलीचा माणूस म्हणाला की जागा तपासतो. त्याने तपासली, पुन्हा प्रकाश साठवला, पुन्हा तेच आलं. परचुऱ्यांनी दुर्बिणीच्या आरशाला दोष दिला. तो माणूस नम्रपणे म्हणाला की शेजारचे दोन्ही तारे जागच्या जागी दिसताहेत. कुणीतरी खोकलं. मंत्र्यांचा सचिव घड्याळाकडे पाहू लागला. परचुऱ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे सभागृहात फिरू लागले, आणि फिरत फिरत पहिल्या रांगेत माझ्यापाशी येऊन थांबले. त्यांच्या कॉलरला माइक होता. तो चालू आहे हे ते विसरले.

“केतकीताई,” ते हळूच म्हणाले, “तोतया?”

“हो सर.”

“मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलं नाहीत. नियम तुमचाच आहे.” मी उभी राहिले, कारण मागच्यांनाही ऐकू जावं अशी माझी इच्छा होती. “ती दीर्घिका मी केली. माझं काम तुम्ही स्वतःच्या नावावर जाहीर केलंत, ते हे दुसऱ्यांदा. पहिलं खरं होतं.”

नंतर वाहिन्यांनी ती वाक्यं महिनाभर दाखवली. परचुऱ्यांनी पंधरवड्यात राजीनामा दिला. जुन्या निबंधाची चौकशी नव्याने लागली आणि आभारांतली श्रीमती कोण, हे शोधत पत्रकार मायणीपर्यंत आले. मी प्रत्येकाला बसवून, चहा देऊन, सगळं सविस्तर सांगितलं. परचुरे आता कुठेतरी कोकणात राहतात आणि फोन घेत नाहीत असं ऐकते. ऐकून मला बरं वाटतं. मला त्यांची दया येत नाही, आणि यावी असंही वाटत नाही.

एवढं मात्र झालं, की कुलवृत्तांत बंद करावा लागला. जे यंत्र नसलेल्याचा नऊशे कोटी वर्षांचा इतिहास छातीठोकपणे सांगतं, त्याने असलेल्यांचा सांगितलेला कुणी मानायचा? दहा वर्षांतले त्याच्यावर बेतलेले सगळे शोध बाजूला काढले गेले. त्यात माझं गणितही गेलं, कारण यंत्राच्या पोटात तेच होतं. बारशाला वाटलेले वंशवेल लोकांनी हसत फेकून दिले. शेकडो तरुणांचे प्रबंध अडकले. ईश्वरीचाही अडकला. निबंधावर तिचं नाव नव्हतं म्हणून हसं झालं नाही, पण चार वर्षांची मेहनत त्याच यंत्रावर उभी होती.

दिवाळीनंतर ती मायणीला आली. मी तिच्यासाठी बेत करून ठेवला होता. मायणीत मागे उरलेली, बंद पडलेली दुर्बीण चालू करायची, दोघींनी मिळून आकाशाकडे डोळ्यांनी बघत पुन्हा सुरुवात करायची, पहिलं नाव तिचं. मी बोलत होते आणि ती चहा पीत ऐकत होती. माझं संपल्यावर तिने कप खाली ठेवला.

“ताई, एक विचारू? सरांनी माझं नाव काढलं नसतं, तर तुम्ही मला सांगणार होतात?”

“हो,” मी म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं.

“कधी?”

जून संपला होता, जुलै निम्मा झाला होता, कार्यक्रमाला दोन दिवस उरले होते. मी ते सगळे दिवस आठवून पाहिले. त्यातल्या प्रत्येक दिवशी माझ्याकडे एकच उत्तर होतं, तेच मी तिला दिलं.

“उद्या.”

तिने मान डोलावली. ती रागावली नव्हती, याचंच मला जास्त लागलं. “नोकरी पक्की कधी होणार विचारलं, की परचुरे सरही हेच म्हणायचे,” ती म्हणाली. मग तिने दोघींचे कप उचलून मोरीत विसळून ठेवले, पाया पडली आणि एसटी गाठायला निघाली. मी तिला थांबवलं नाही.